वाऱ्याने फितवलेला शिपाई

कापडाच्या दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाईक आत ओढण्यात ज्याची हयात गेली, त्याला सैन्यानेच एक दिवस आत ओढलं. आवाज असा गोड, की अख्खा बाजार त्याला साखऱ्या म्हणायचा.

मनोबल-भंग विभागाने त्याला सीमेजवळच्या टेकडीवर माइकसमोर बसवलं. काम एकच, शत्रूचे शिपाई फितवायचे. भाषा दोन्हीकडची सारखीच.

"अरे बाबांनो, बायको दाराकडे डोळे लावून बसलीये. कुणासाठी मरताय? या घरी!"

ऐकून दगडाला पाझर फुटावा. कर्ण्यांची तोंडं शत्रूकडे होती, वारा मात्र इकडे वाहायचा. कर्णे बसवताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका दुपारी साखऱ्या जेवायला घरी आला, तर आघाडीवरचा जावई बनियनवर पानावर बसलेला. लेक वाढत होती. नवरा लढाईवर गेल्यापासून ती माहेरीच होती.

"जावईबापू, रजा मिळाली?"

"रजा कसली, मामा? तुम्ही रोज बोलावताय. शेवटी राहवेना."

"अहो, ते त्यांना होतं!"

"मग तसं सांगायचं ना, बाबा," लेक फणकारली. "आणि मी डोळे लावून बसले होते, ते काय खोटं?"

पळून आलेल्या शिपायाला गोळी घालत. तेवढ्यात दारात विभागाचे साहेब!

"इतके महिने घसा फोडताय, पण एक शत्रू फुटला नाही. वरून हुकूम आलाय, विभाग बंद करा." साहेबांची नजर पानाकडे गेली. "हा कोण?"

"शरण आलाय, साहेब," साखऱ्याच्या तोंडून निघून गेलं. "पलीकडून. माझं बोलणं ऐकून."

"खरं का रे?"

"ऐकूनच आलो, साहेब. शब्दन् शब्द पाठ आहे," जावई म्हणाला.

साहेबांनी त्याला मिठीच मारली. विभाग वाचला, जावई वाचला. कैद्यांच्या बराकीत त्याला गादी मिळणार होती. खंदकात तीही नव्हती.

"याला सोडणार कधी?" लेकीने जपून विचारलं.

"काळजी नको, ताई. लढाई संपली, कैद्यांची अदलाबदल झाली, की याला मानाने याच्या घरी पोचवू. पलीकडे."

साहेब जावयाला घेऊन गेले. लेकीने उठून ट्रंक खाली काढली.

"बाबा, तिकडे थंडी असते का हो?"

साखऱ्या रोज त्यांच्या घरांविषयी बोलायचा. पण हे काही त्याला ठाऊक नव्हतं.