सालाखालची चांदणी

बसचा कंडक्टर होतो तेव्हापासूनची ही खोड. जळगाव जामोद ते शेगाव गाडीत सुट्टे पैसे हातात आले, की रुपयाच्या नाण्यावरचं साल बघायचं आणि त्याच्या खाली बघायचं. बारीक हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचं. जमवायचा नाद नव्हता. ओळखायचं आणि पुढच्या प्रवाशाला देऊन टाकायचं. माझ्या हाती हिरेच फार यायचे. चांदणी क्वचित, म्हणून ती दिसली की दिवस बरा जायचा.

"काऊन हो, रुपयाले एवढं काय निरखून राह्यले? लेकराचं तोंड हाय का ते?" बायको चिडवायची.

निवृत्तीनंतर हिरा आणि ठिपका सारखेच दिसायला लागले. मी चष्मेवाल्याला शिव्या घातल्या. मग चांदणीचाही ठिपका झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब होत चाललाय, गेलेली नजर परत येणार नाही. बाहेर येऊन त्यांनाही शिव्या घातल्या. हळूहळू ठिपकेही गेले. माझ्यापुरती सगळी नाणी कलकत्त्याची झाली.

आता माणसांचे चेहरे जातायत. बायको समोर बसली की साडीचा रंग कळतो, तोंडाच्या जागी नुसता धूर. मला फार भीती वाटते. रडू येत नाही, चिडचिड होते, आणि ती तिच्यावरच निघते.

तरी रोज संध्याकाळी ती किराणा दुकानातून आणलेली चिल्लर घेऊन बसते. जन्मभर टिंगल केली तिने, आणि आता एकेक नाणं उजेडात धरते.

"सालाखाली काय हाय?"

"चांदनी."

"अन् ह्याच्या?"

"ह्याच्याबी चांदनीच. पाहा बरं तुमचं नशीब!"

काल सगळीच नाणी चांदणीची निघाली. उभा जन्म सुट्टे पैसे हाताळले, एका मुठीत एवढ्या चांदण्या मला कधी सापडल्या नव्हत्या. खोटं बोलून राह्यली तू, असं ओठावर आलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"अजून हाय का एखादं?" मी विचारलं.

"हाव, हाय ना," ती म्हणाली. आवाज रडका होता.