दत्ताच्या वाट्याचं पाणी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दत्ताला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्या कुणाला सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

मी पळसदेवचा. उजनीच्या पाण्याकाठी वाढलो, पुढं वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. विलास बारामतीचा, तिथं त्याचं गॅरेज. दत्ता लासुर्ण्याचा, शाळामास्तर. कॉलेजात आम्ही तिघं एका खोलीत राहिलो आणि ती दोस्ती टिकली. पन्नाशी जवळ आली तेव्हा विलासनं गोव्यात एक जुनी शिडाची बोट घेतली, तीन माणसं जेमतेम झोपतील एवढी. दोन हिवाळे किनाऱ्यालगत फिरून आम्ही शिकलो. मग ठरलं — सेशेल्स बेटांपर्यंत जायचं. चार आठवडे तरी लागणार होते. दत्तानं साठवलेली सगळी रजा काढली.

दत्ताच्या हाताची गाठ पक्की. लहानपणापासून उसाच्या मोळ्या बांधलेला माणूस. म्हणून बोटीवर जे काही बांधायचं ते त्याच्याकडं. कठड्याला लावलेले पिण्याच्या पाण्याचे पाच निळे कॅनसुद्धा.

पंधराव्या दिवशी विषुववृत्ताजवळ वारा पडला. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. इंजिन होतं, पण डिझेल बंदरात शिरण्यापुरतंच. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. आधी आम्ही गप्पा मारायचो, मग पत्ते खेळायचो, मग तेही थांबलं. माणूस एकटा कधी पडतो? मला वाटायचं, जवळ कुणी नसलं की. पण त्या हातभर जागेत, दोन जिवलग मित्रांच्या श्वासाचा आवाज ऐकत, मी जेवढा एकटा होतो तेवढा आधी कधीच नव्हतो.

सातव्या दुपारी पहारा माझा होता. विलास खाली झोपलेला, दत्ता पुढं शिडाच्या सावलीत. पाणी मापानं प्यायचं, असं आमचं ठरलेलं. तहान अशी काही जीव जाण्यासारखी नव्हती — हे मला नीट सांगायचंय. मला फक्त सहन होईना. अंगावरचं मीठ, ते ऊन, ती शांतता. तीन कॅन एकाच दोरीनं बांधलेले होते, ती मी सोडली. एक तांब्या प्यायलो. एक डोक्यावर ओतला. तेवढ्यात दत्तानं कूस बदलली, आणि मी घाईनं कॅन पुन्हा जागेवर लोटून दोरीला कसातरी पीळ दिला.

गाठ? ती गाठ नव्हतीच.

तासाभरात पश्चिमेकडून ढग आला आणि त्याच्याबरोबर वारा. पाऊस चार थेंबच, पण वारा जबर. बोट एकदम कलली, शीड भरलं. आम्ही लहान पोरांसारखे हसत होतो. मग दत्ताचं लक्ष कठड्याकडं गेलं. तीन कॅन नव्हते.

शीड उतरवून, इंजिन लावून आम्ही अंधार पडेपर्यंत घिरट्या घातल्या. निळ्या लाटांत निळे कॅन कुठं दिसणार?

विलासनं विचारलं, "सकाळी कुणी बांधले होते?"

"मीच," दत्ता म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडं बघत, "पर घट्ट बांधलं व्हतं रं मी."

"मग काय, आपोआप सुटले?"

मी सुकाणूपाशी उभा होतो. दोघांपासून चार हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी कशाची वाट बघत होतो? विलास अजून चिडेल याची? की दत्ताच कबूल करेल याची? त्यानं केलंच. म्हणाला, "चुकलं माझं."

अजून मोजून प्यायलं तर पाणी पुरणार होतं. प्रत्येकाला दिवसाला तीन पेले. दत्ता आपल्या प्रत्येक पेल्यातलं अर्धं माझ्या पेल्यात ओतायचा. विलास त्याच्याशी बोलतच नव्हता, त्याच्याकडून घेतही नव्हता. दत्ता मला म्हणायचा, "माझ्या हातानं गेलंय, शिवा. तू पी."

पहिल्या दिवशी मी नको म्हणालो, आणि प्यायलो. दुसऱ्या दिवसापासून नकोही म्हणालो नाही. अकरा दिवस मी त्याच्या वाट्याचं पाणी प्यायलो. शेवटी शेवटी तो कंबर धरून बसून असायचा. बेटावर उतरल्यावर त्याला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. किडनीला इजा झाली होती.

विलासनं त्याच्याशी संबंध तोडले. दत्ताच्या मुलीच्या लग्नालाही आला नाही. मी गेलो. मानाचा फेटा बांधून घेतला. त्याच मांडवात वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, हे हल्ली कुलूपसुद्धा स्वतः लावत न्हाईत. मला म्हणत्यात, तूच लाव, माझ्या हाताचा भरवसा न्हाय." मी म्हणालो, वय झालं की होतं असं.

गेल्या वर्षी त्याच्या किडन्या पुरत्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजारही जुना होता. असेल. मी त्याच्या आड लपत नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा तो लासुर्ण्याच्या घरी, ओसरीवर बाजेवर पडला होता. सकाळची वेळ. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. इंदापूर सोडल्यापासून वाक्यं जुळवत होतो. पण आधी तोच बोलला.

"विलास बोलला, बरुबरच बोलला. पर तू एका शब्दानं मला बोल लावला न्हाईस, शिवा. येवढ्या वर्सांत कदी न्हाय. म्या इसरलो न्हाय ते." त्यानं माझा हात धरला. "मनात काय ठेवलं न्हाईस ना?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ दे, दत्ता. माझ्या मनात कधीच काही नव्हतं."

त्याला बरं वाटलं. तसं तो म्हणालाही. मी दत्ताला माफ केलं, आणि चार दिवसांनी तो गेला.