सुमनआजीले पाहाले आलो!

बहात्तर वर्षांच्या माझ्या वडिलांसाठी मी सावली गावाला बायको पाहायला गेलो होतो, अशी आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझी ख्याती आहे. तसं काही नव्हतं. मी माझ्या सासूबाईंना भेटायला गेलो होतो.

सासूबाई वर्षभरापासून सावलीजवळच्या वृद्धनिवासात राहतात. स्वतःच्या मर्जीनं गेल्या. "पोरीच्या घरचं पाणी पेते का कोणी?" हा त्यांचा जुना हेका. माझी बायको रजनी मात्र दर सणाला आई येईल म्हणून ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरात अंथरूण घालते आणि सण संपला की ते गुंडाळताना डोळे पुसते. यंदा ठरवलं, दिवाळीचे चार दिवस तरी आईला आणायचंच! निघालो. मी, रजनी, सात वर्षांची चिनू, चार वर्षांचा बंटी आणि माझे वडील, आबा.

आबांना ऐकू कमी येतं, पण नटायची हौस जबर. "विहीणबाईकडे जाचं हाय, मानानं जाऊ!" म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, वरून अत्तर! हातात पेढ्यांचा डबा. रजनीच्या हातात आईसाठी दिवाळीचं लुगडं आणि नारळ. (हे सगळं एकत्र कसं दिसतं ते मला सुचलंच नाही. मला बोलायचं सुचतं, विचार करायचं नाही.)

व्हरांड्यात पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या म्होरक्या कौसल्याबाई, सासूबाईंच्या खोलीतल्या सोबतीण.

"कोणाकडे आली वं पोरी?" त्यांनी चिनूला विचारलं.

"सुमनआजीले पाहाले आलो!"

"पाहाले? कोण आलं पाहाले?"

"हे आबा!" चिनूनं बोट दाखवलं. "घरूनच म्हणून राह्यले होते, मलेबी न्या, मलेबी न्या!"

पदर सावरले गेले. एक आजी तर दात लावायला आत पळाली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. नाश्ता वाढायची पाळी नेमकी त्यांची, आणि समोर व्याही दिसले म्हणून डोक्यावर पदर घेतलेला. डोक्यावर पदर, खाली मान, हातात पोह्यांचा ट्रे! आता सांगा, मी कोणाकोणाचं तोंड धरणार?

कौसल्याबाईंनी खुर्ची आबांपुढे ओढली.

"गुडघे कसे हायेत जी तुमचे?"

"हो, हो," आबा म्हणाले.

"रातच्यानं घोरता का?"

"हो तं!"

"मंग? पसंत हाय का?"

पोह्यांची प्लेट उंच धरून आबा ओरडले, "एक नंबर! एवढ्या दूर आलो त्याचं चीज झालं!"

आता मला मध्ये पडणं भागच होतं. "अहो बाई, ह्या माह्या सासूबाई हायेत!"

"म्हंजे घरातल्या घरातच! बरंच झालं, चौकशी कराची गरज नाई."

"तसं नाई जी! आमी त्यायले फक्त घरी न्याले आलो!"

"आजच?"

रजनीनं मला करकचून चिमटा काढला. तेव्हा गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी समजावून सांगायला लागलो. सासरे कसे गेले, रजनी अंथरूण कसं घालते, सासूबाईंसाठी खोली कशी रिकामी ठेवली आहे. "आबाच्या बाजूचीच!" हेही सांगून मोकळा झालो.

बंटी आदल्याच आठवड्यात एक लग्न जेवून आला होता. त्यानं मूठभर पोहे उचलले आणि "सावधाऽन!" म्हणत आबांच्या इस्त्रीवर उधळले. म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या!

रजनीचा चेहरा पडला. आई आता घरी येणं तर सोडाच, आपल्यालाच इथं येऊ नका म्हणणार! सासूबाईंचे खांदे हलायला लागले. झालं, रडवलं बाईला! मी पुढे झालो तर पदराआड त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

कौसल्याबाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी निकाल दिला, "सुमनबाई, नवरदेव बरा हाय. ऐकू कमी येते, तो तं गुणच समज. पण त्याचा हा पोरगा लय बोलते वं! अशा घरात बाई कशी नांदन?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "म्हणून तं मी इथी राह्यते!"

रजनी अशी संधी सोडते होय! "आई, हे चार दिवस तोंड नाई उघडत. माही जिम्मेदारी! येशीन?"

"अवं, पण पोरीच्या घरचं पाणी..."

"पाणी नको पिऊ आजी," चिनू म्हणाली, "चहा पे ना!"

सासूबाई आल्या, चार दिवस राहिल्या, चहावर चहा प्यायल्या. मी रजनीच्या शब्दाला जागलो, तोंडाला कुलूप घातलं. त्यांना सोडून आल्यावर रजनी अंथरूण गुंडाळत होती आणि पुन्हा डोळे पुसत होती.

"आईची आठवण येऊन राह्यली का?" मी कुलूप काढलं.

"त येनच ना," ती म्हणाली. "आई होती तं घरात कशी शांतता होती!"