कुलपाचं उत्तर

माझे भावोजी घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले, ते माझीच एक कथा वाचताना. कथा काही भुताखेतांची नव्हती. एक बाई स्वतःच्याच घराच्या बंद दारासमोर उभी आहे आणि तिला किल्ली सापडत नाही, एवढीच गोष्ट. मासिकाचा अंक मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेला होता, कारण त्या कथेतलं एक वाक्य त्यांचं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकाच छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक. छापायच्या आधीचं प्रूफ मूळ मजकुराशी ताडून पाहायचं, चुकलेल्या वेलांट्या आणि गळलेले अनुस्वार लाल शाईनं दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. छापखान्यात सगळे त्यांना ‘लालशाई’ म्हणत, तेही तोंडावर, कारण त्यांना ते आवडायचं. शर्टाच्या खिशाला कायम लाल डाग. तो काढता काढता ताईनं साबणाचे सगळे प्रकार करून पाहिले होते. दुकानाच्या पाटीवरचा चुकीचा उकार दिसला की ते आत जाऊन सांगत, आणि दुकानदार बघत राही. लग्नाआधी ताईनं त्यांना पत्र लिहिलं, तेही त्यांनी दोन दुरुस्त्या करून परत पाठवलं होतं. ताई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढं मात्र ते पत्र तिनं जपून ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं.

उपमा-अलंकारांशी त्यांचं हाडवैर. माझी प्रत्येक कथा आधी त्यांच्या नजरेखालून जायची. ‘तिचं मन काचेसारखं तडकलं’ असं काही मी लिहिलं, की समासात बारीक अक्षरात प्रश्न यायचा, ‘आवाज आला का?’ मी वाद घालायचे. म्हणायचे, अहो, वाचणाऱ्यानं जे पाहिलेलं नसतं ते त्याला दाखवायचं, तर त्यानं पाहिलेलं काहीतरी पुढं करावं लागतं. नुसतं ‘तिला वाईट वाटलं’ म्हटलं तर कुणाच्या पोटात कालवतं? ते म्हणायचे, दाखव ना, पण वस्तूला नाव दिलेलं असताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला बोलावतेस? असा आमचा वाद वर्षानुवर्षं चालला होता. त्यात ना ते हरले, ना मी.

अशा माणसानं दोन वर्षांपूर्वी एक दिवस दारात उभं राहून दोन्ही खिसे चाचपले आणि ताईला विचारलं, “अगं, ते कुलपाचं उत्तर कुठं ठेवलंस?”

आम्ही दोघी बहिणी हातात पिशव्या घेऊन मागं उभ्या होतो. आधी कळलंच नाही. मग ताईला कळलं आणि ती इतकी हसली, की जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

नंतर अधूनमधून असं होत राहिलं. छत्रीला ते ‘हातातलं छप्पर’ म्हणाले. गाळणीला ‘चहाचा पहारेकरी’. चष्मा हरवला तेव्हा ‘नाकावरच्या खिडक्या’ शोधायला त्यांनी सगळं घर कामाला लावलं. ताईचं तर पाऊल जमिनीवर पडेना. तीस वर्षं कोरडा संसार केला आणि आता कुठं यांना पालवी फुटली, असं ती मला फोन करून सांगायची. आजचा नवीन शब्द काय, ते सांगायला कधी कधी दिवसातून दोनदा फोन. मी वही घेऊन बसायचे. तारीख घालून लिहून ठेवायचे. फुकटात असलं सोनं मिळतंय तर कुठली लिहिणारी सोडेल? ‘कुलपाचं उत्तर’ मी कथेत घातलं, आणि नेमकं त्याच वाक्याचं कौतुक करणारी तीन पत्रं आली.

त्या रविवारी दुपारी ताई स्वयंपाकघरात होती. भावोजींनी अंक हातात घेतला. वाचताना ओळीखाली बोट धरायची त्यांची सवय होती. बोट सरकत सरकत त्या वाक्यापाशी आलं आणि थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते, हसतील म्हणून. चेहऱ्यावरचा रंग उतरला. बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी अंक मिटला आणि कुंड्या दाखवतो म्हणून मला गॅलरीत नेलं. दार लोटून घेतलं.

“हे मी केलेलं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले.

मला वाटलं, न विचारता वाक्य घेतलं म्हणून रागावले. मी काहीतरी सारवासारव करायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

“ऐक. तू कुलपाचं उत्तर असं लिहितेस ना, तेव्हा तुझ्या एका हातात किल्ली असते. तो हात तू मुद्दाम पाठीमागं धरतेस आणि दुसरा पुढं करतेस. वाचणाऱ्याला दोन्ही हात कळतात, म्हणून त्याला गंमत वाटते. माझा मागचा हात रिकामा होता गं. मी दारात उभा होतो आणि त्या वस्तूचं नावच नव्हतं. तुम्ही दोघी बघत होतात. काहीतरी बोलायला हवं म्हणून जे सापडलं ते बोललो. तुम्ही हसलात. मला वाटलं, सुटलो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होईना.

त्यांनी लाल डागाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात शब्द लिहिलेले होते. कात्री. उंबरठा. चिमटा. परवा. साधे, घरातले शब्द. शब्द गेला की ते गप्प बसत, आणि दुसऱ्या कुणी तो उच्चारला की चटकन टिपून घेत. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. ‘परवा’ तीनदा होता.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. छापखान्यात रोज सकाळी टेबलावर बसलं की पेन नीट उतरतंय का ते पाहायला ते रद्दी कागदावर ताईचं नाव लिहीत. एकतीस वर्षांचा नेम. या सोमवारी पेन टेकवलं आणि नुसता ठिपका पडला. चहा येईपर्यंत तो ठिपका मोठा होत गेला.

“आलं का मग?” मी विचारलं.

“आलं. चहा आल्यावर. पण परक्या गावाचं नाव आठवावं तसं आलं.”

घरी त्यांचं बिंग फुटायचं कारण नव्हतं. ताई त्यांना ‘अहो’ म्हणायची आणि ते तिला ‘अगं’. संसार झाला, मुलगी वाढली, तिचं लग्न होऊन ती दूर गेली, सगळं ‘अहो’ आणि ‘अगं’वर. नाव लागलंच नव्हतं कधी. त्या एवढ्याशा शब्दाच्या आड हे उभे होते आणि पलीकडं आपल्या नवऱ्याला कविता सुचते म्हणून ताई खूश होती.

“तिला सांगू नकोस,” ते म्हणाले. “आणखी काही गेलं तर जाऊ दे. पण तिचं नाव माझ्याकडं नाही, हे तिला कळलं तर ती काय करील?”

मी कबूल केलं. ताई चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, मेहुणी-भावोजींचं एवढं काय गुपित चाललंय, मला विकून टाकताय का? आम्ही दोघंही हसलो. मी हसले ते मलाच ऐकू आलं.

घरी येऊन वही उघडली. आजवर मी ती पीक मोजावं तशी पाहत होते. आता तारखा पाहिल्या. सुरुवातीला दोन महिन्यांत एक शब्द. मग महिन्याला तीन. गेल्या आठवड्यात आठ, आणि प्रत्येकापुढं मी आनंदानं चांदणी काढलेली. वही मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. तरी ती तिथं आहे हे मला सारखं जाणवत राहिलं.

त्यानंतर ताईकडं गेले की मी कान देऊन बसायचे. भावोजी बोलायला तोंड उघडत आणि मी मनात वस्तूचं नाव घेऊन तयार बसे. ताट. ताट. ताट म्हणा. कधी म्हणत. कधी मधेच अडखळत, नजर माझ्याकडं वळे, आणि मी काहीतरी निमित्त काढून तो शब्द वाक्यात पेरे. आम्हा दोघांचं हे ताईच्या डोळ्यांदेखत चालायचं. तिची तक्रार एवढीच, की हल्ली यांना नवीन काही सुचत नाही.

मग छापखान्यातून मला फोन आला. कंप्यूटरवर मजकूर जुळवणारी बाई, भावोजींना काकांच्या जागी मानणारी, तिचा. घरातल्या सुरक्षिततेविषयीची एक पुस्तिका त्यांच्याकडं प्रुफासाठी होती. त्यात ‘घराबाहेर पडताना गॅसच्या शेगडीचे कॉक बंद करावेत’ असं वाक्य होतं. भावोजींनी ‘कॉक’ खोडून वर सुबक अक्षरात ‘कान’ केलं होतं. एकदा नव्हे, तीन पानांवर. सांगता सांगता तिला हसू आलं. शेगडीचे कान पिळायचे म्हणे. मग ती हसायची थांबली.

“मावशी, काकांनी आजवर मूळ मजकुरातला शब्द कधी बदललेला नाही. ते तर लेखकाची चूकसुद्धा विचारल्याशिवाय सुधारत नाहीत.”

तिनं गुपचूप दुरुस्ती केली होती, कुणाला बोलली नव्हती. पण आता औषधांच्या मात्रांची पुस्तिका यायची होती आणि ती काही प्रत्येक पानामागं धावू शकणार नव्हती.

फोन ठेवल्यावर मी तडक छापखान्यात गेले. भावोजी टेबलाशी बसले होते. समोर ती तीन पानं. तिनं त्यांना दाखवली नव्हती. त्यांनी स्वतःच परत मागवून घेतली होती आणि ते ‘कान’ या शब्दाकडं टक लावून बघत होते. ते मला म्हणाले, यात चूक आहे एवढं मला कळतंय, कुठली ते कळत नाही. डॉक्टरकडं जायला ते एका अटीवर तयार झाले. ताईला फक्त डोकेदुखी सांगायची.

ताई म्हणाली, मग मीही येते. तिला नको कसं म्हणणार?

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, खिडकीला जाड पडदा, पंख्याचा एकसारखा आवाज. मी भिंतीशी उभी राहिले. त्यांनी भावोजींना वार विचारला, महिना विचारला. ते त्यांनी बरोबर सांगितलं. बहुतेक येतानाच पाठ केलं होतं. मग त्यांनी एकेक चित्र पुढं ठेवायला सुरुवात केली. नाव सांगायचं. झाड आलं. मासा आला. मग कंगवा.

“केसांचा नांगर,” भावोजी म्हणाले.

ताईनं माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले. पुढं शिडी आली, तिला ‘भिंतीचा कणा’ म्हणाले. ताईला राहवलं नाही. तिनं डॉक्टरांना सांगितलं, हे घरीसुद्धा असंच बोलतात, माझी बहीण तर लिहून घेते. डॉक्टर मान न उचलता लिहीत होत्या. त्यांचं पेन चालत होतं तो आवाज मला पंख्यापेक्षा मोठा वाटला. भावोजींच्या कपाळावर घाम जमला होता. प्रत्येक चित्रासमोर शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि मी दात दाबून तो आत ठेवायचे. इथं मला पेरायची मुभा नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी चित्रं गोळा केली आणि सहज ताईकडं हात करून विचारलं, “या कोण?”

भावोजींनी ताईकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता. पण ते हळूच म्हणाले, “ही... मी जिना चढत असतो आणि वर दार उघडल्याचा आवाज येतो ना... ती.”

दारात उभी असलेली नर्स हसली. डॉक्टरांच्याही चेहऱ्यावरचा ताण सैलावला. साठीला आलेली माझी ताई मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवायला लागली, कानापर्यंत लाल होऊन. डॉक्टरांनी कागद उलटला. शंभरातून सात वजा करा, असं काहीतरी पुढचं विचारायला त्या निघाल्या होत्या.

ते वाक्य मी लिहिलं असतं तर महिनाभर त्याच आनंदात फिरले असते. असलं वाक्य कसं तयार होतं हे मला ठाऊक आहे. माणूस नाव बाजूला ठेवतो आणि मग शोधत निघतो. यांनी काहीच बाजूला ठेवलेलं नव्हतं. भावोजी माझ्याकडं पाहत होते. डोळ्यांनी नको म्हणत होते. गॅलरीत मी त्यांना शब्द दिला होता. पण आज हेही हसण्यावारी गेलं, तर उद्या औषधाच्या मात्रा, परवा शेगडी, आणि ताई मला फोन करून सांगत राहणार, आज काय म्हणाले माहितीये?

“डॉक्टर,” मी म्हटलं, “त्यांना तिचं नाव विचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. विचारलं.

भावोजींचं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. त्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला, त्या घडीच्या कागदाकडं, आणि तिथंच थांबला. ते नाव त्या कागदावर लिहायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

“अगं,” ते म्हणाले.

“अहो, सांगा की,” ताई म्हणाली. “बायकोचं नाव घ्यायला आता या वयात कसलं लाजायचं?”

ती अजून हसत होती. तिनं एकदा डॉक्टरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि माझा चेहरा बघून पुन्हा नवऱ्याकडं वळली.