काकूंचे दोन भाडेकरू

मी एका बाईच्या टाचेला बिब्ब्याचा चटका दिला, ती ओरडली नाही, आणि मी स्वतःवर खूश झाले. माझ्या तेव्हाच्या अकलेचं माप तुम्हाला एवढ्यावरूनच मिळेल. तेव्हा मी फार हुशार होते. आता म्हातारपणी जरा कमी झाले आहे, ते बरं आहे.

ती बाई म्हणजे वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात आमच्या शेजारी कापडाचं दुकान होतं, त्या दुकानातल्या काकू. गोष्ट नव्वदच्या दशकातली. काकूंना साखरेची बिमारी जुनीच होती, त्यात लकव्याने डावी बाजू गेली. तरी मुलगा रोज सकाळी त्यांना उचलून दुकानातल्या खुर्चीत बसवायचा आणि काकू कापड मोजायचा लोखंडी मीटर हातात घेऊन कारभार पाहायच्या. कुणी तब्येत विचारली की तोच मीटर स्वतःच्या पायांवर ठकठक वाजवायच्या.

“हे माह्ये दोन भाडेकरू. घरात राह्यते, पण सांगत काईच नाई.”

गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायची. लोखंडाने पाय ठोकणाऱ्या बाईची पापणीसुद्धा लवत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असतं. मला नुसता विनोद दिसला.

वाकता येत नसल्यामुळे काकूंचा हात पायांपर्यंत पोचत नव्हता. आंघोळीला सून वरून तांब्याभर पाणी ओतायची, तेवढंच पायांचं धुणं. तिच्या मागे घर होतं, दुकान होतं, शाळेत जाणारी पोरं होती. बोटांच्या बेचक्या ओल्याच राहायच्या, टाचांना भेगा पडल्या होत्या. माझं माहेर रोहणा गावचं. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या टाचेवर एकच इलाज. बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की भेगेत टिपायचं. बाई किंचाळते, मग बरी होते. माझ्या आईने अर्धं गाव असंच किंचाळवलं होतं.

“काकू, दुखलं त सांगजा.”

“टाक व तू. मी काय लहान पोट्टी आहो?”

मी टाकत गेले. काकू सुनेला साड्यांच्या घड्या कशा घालायच्या ते सांगत बसल्या. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, काय हिंमत आहे बाईची!

दोनेक दिवसांनी सून आमच्या दारात उभी. “वहिनी, काय लावलं जी तुम्ही? पाय उतला!”

जाऊन पाहिलं. भाजलेल्या वांग्यासारखी टाच, काळीनिळी, वरून तकतकीत. पोटरीपर्यंत सूज आणि खोलीत एक गोडसर घाण वास. काकू मात्र चहा पीत होत्या. मला त्या पायाची भीती वाटली नाही, त्या चहाची वाटली. एवढी आग लागलेली आणि घरमालकिणीला खबर नाही!

त्यांना वर्ध्याला नेलं. मी सोबत गेले नाही. दाराला कडी लावून बसले. बाहेर गाडी थांबली की दाराच्या फटीतून पाहायची. परत आल्यावर सून आली, ती भांडायलाच.

“डाक्टर म्हणते पायात जानच नाई. चटका समजतच नाई त्यायले. काळं वर चढलं त पाय घोट्यापासून काढा लागते. पाय गेला ना वहिनी, त आमच्या मायले तुमच्याच घरी आणून ठेवीन!”

तिचं चुकलं नव्हतं. मी खालमानेने काकूंकडे गेले.

“पळाली होती काय व?” काकू म्हणाल्या. “माह्ये पाय चालते असते त मीबी पळाली असती.” मग माझं मनगट धरलं. आवाज एकदम खाली आला. “मले वाकून पाहता येत नाई. खरं सांग. दोघं आहेत ना?”

“आहेत काकू.”

जखम भरायला अख्खा उन्हाळा गेला. पाय वाचला. तेव्हापासून ते पाय माझ्याकडे आले. घमेल्यात कोमट पाणी, आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहायचं, कारण पाणी कसं आहे विचारलं की काकू “चालते” म्हणायच्या, आणि त्यावर आता माझा भरवसा नव्हता. साबणाने हलक्या हाताने धुवायचं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने बोटाबोटांत कोरडं करायचं. तळव्याला खोबऱ्याचं तेल, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची. शेवटी तळव्याखाली हातआरसा धरायचा, काकूंनाही दिसेल असा. आरसा फिरवण्याआधी काकूंचा प्रश्न ठरलेला. “दोघं आहेत ना?”

एकदा आरशात काहीतरी चमकलं. तळव्यात टाचणी. दुकानातल्या कापडाची, मुंडीपर्यंत रुतलेली. चपलेत पडली असणार, आणि काकू तिच्यावर पाय टेकून दिवसभर बसल्या असणार. मी आरसा माझ्याकडे वळवला.

“काय दिसलं?”

“काई नाई.”

“खोटं नको बोलू. तुह्या तोंडाचा रंग उतरला.”

टाचणी काढली, तेव्हाही त्यांना कळलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, तेवढंच. त्यानंतर चपलेत आधी माझा हात जायचा, मग काकूंचा पाय. ही भीती वर्षानुवर्षं टिकली. विनोदही टिकला. दुकानात मीटर वाजायचाच, फक्त आता हळू.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर काकू गेल्या. हृदयाने दगा दिला. भाडेकरू शेवटपर्यंत घरातच होते.

शेवटच्या आंघोळीला बायका जमल्या. मी मागे, भिंतीला टेकून. एवढ्या वर्षांत सून माझ्याशी कामापुरतं बोलली होती, बिब्ब्याचं नाव तिने पुन्हा काढलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती. कुणीतरी वाफाळत्या पाण्याची बादली आणून ठेवली, तांब्या भरला. सुनेने त्या बाईचा हात धरला आणि गर्दीतून मला शोधलं.

“वहिनी, पाय तुम्हीच धुवा. अन् पाणी कोपरानं पाहून घेजा, त्यायले समजत नाई.”