ट्रॉलीच्या मागे बाबा

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून सोपं जातंय का? असेल तसंच. सोपं तेवढं करायची माझी सवय जुनी आहे.

आधी बाबांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला बरं वाटतं, आणि मूळ गोष्ट जरा लांबतेही.

बाबा रत्नागिरीकडचे. आमच्या बौद्धवाडीतून विशीत मुंबईला आले, आणि तीस-बत्तीस वर्षं त्यांनी न्हावाशेवा बंदरावरून कंटेनरचे ट्रेलर चालवले. चाळीस फुटी. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही. दारू नाही, शिवी नाही, आणि हॉर्नसुद्धा अगदी लागेल तेवढाच. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो, राई गावाच्या अंगाला. त्यांना कुणी विचारलं, काय करायचात, तर ते “ड्रायव्हर होतो” असं म्हणत नसत. “ट्रेलर मागे घ्यायचो,” म्हणायचे. त्यांच्या लेखी पुढे जाणं ही काही कला नव्हती. माणूस कळायचा तो रिव्हर्स घेताना.

माझा धंदा तुम्हाला हसू आणेल. मी कुत्र्यांना आंघोळ घालते. एक बंद ट्रॉली आहे, गाडीच्या मागे जोडायची — आत टब, ड्रायर, टेबल, आणि छपरावर पाण्याची टाकी. मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये घरटी नाही तरी मजल्यागणिक एक कुत्रा आहे, आणि फ्लॅटच्या बाथरूममध्ये लॅब्रॅडॉर धुवायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. नोकरी सोडून मी हे सुरू केलं तेव्हा सगळे गप्प बसले. बाबा तेवढे म्हणाले, “ट्रॉली ओढणार ना? मग मी येतो.”

आणि ते आले. ट्रॉली मागे घेताना उलटी चालते — स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे पळते. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. बाबांनी सुभाषचंद्र बोस मैदानाजवळ मला सकाळी सकाळी उभं केलं आणि म्हणाले, “बाय, हात स्टेअरिंगच्या खाली धर. अगदी खालच्या टोकाला. आता ट्रॉलीचं ढुंगण जिकडे न्यायचं, तिकडे हात ने.” बस. दोन वाक्यांत मला ते जमलं. कुठल्या व्हिडिओने नाही जमलं ते.

पुढे मी नवी गाडी घेतली. मागे कॅमेरा, सेन्सर, स्क्रीनवर पिवळ्या-लाल रेघा. बाबा लहान मुलासारखे बघत बसले. स्टेअरिंग फिरवलं की रेघा वळतात, याचं त्यांना केवढं कौतुक. पण ट्रॉली जोडली की सेन्सर बोंब मारायला लागायचा, कारण त्याला वाटायचं मागे भिंत आली. म्हणून तो बंद ठेवायचा. गाडीच्या रेघाही गाडीपुरत्याच. ट्रॉलीचं त्यांना काही कळत नाही. मग मी ट्रॉलीच्या पाठीला एक वेगळा कॅमेरा बसवून घेतला. त्याचं चित्र समोर स्क्रीनवर यायचं — जमीन, कठडे, चाकं, सगळं लख्ख.

तरी बाबा मागे उभे राहायचेच. टोपी काढून हातात, मान तिरकी, आणि तो आवाज — “येऊ दे... येऊ दे... येऊ दे...” आणि मग “थांब,” आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन थापा. गाडी थांबली की कुत्रे त्यांच्याकडे धावायचे. ते कुणाला बिस्कीट देत नसत, हाक मारत नसत, पण कुत्रे त्यांच्याच पायाशी. मला आजही कळलेलं नाही का.

मग माझं काय बिनसलं?

खरं सांगू? मला त्या “येऊ दे”ची लाज वाटायला लागली होती. एका गिऱ्हाइकाने हसत हसत विचारलं होतं, “अंकल के बिना नहीं होता क्या?” त्याच्या मनात काही नसेल. माझ्या मनात ते राहिलं. एवढी गाडी, एवढा कॅमेरा, चाळिशी ओलांडलेली बाई — आणि मागे बाप उभा. त्यानंतर मी स्क्रीनवरच बघायला लागले. बाबा ओरडायचे, मी ऐकल्यासारखं करायचे, आणि नजर स्क्रीनवर.

तो रविवार होता. सकाळचे अकरा. मीरा रोडची एक जुनी सोसायटी, गेटच्या आत बाजूला एक बाकडं आणि त्याच्या वर, बाहेर झुकलेली फायबरच्या पत्र्याची शेड. बाकड्यावर नीलाबेन बसल्या होत्या — सत्तरीच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. पायाशी त्यांचा म्हातारा पॉमेरियन, गुड्डू. मी ट्रॉली आत घेत होते. बाबा मागे. “येऊ दे... येऊ दे...” स्क्रीनवर जमीन मोकळी. बाकडं बाजूला, गुड्डू बाजूला, दोन फूट तरी जागा.

आणि बाबा म्हणाले, “थांब.”

मी ते ऐकलं. आरशात त्यांचा वर गेलेला हातही पाहिला. पत्र्यावर थापा मारायला ते पुढे येत होते, तेही पाहिलं. आणि मी थांबले नाही. कारण स्क्रीनवर सगळं मोकळं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उगाच भीती वाटते. मला वाटलं, एकदा दाखवूनच देऊ.

कॅमेरा खाली बघतो. वर बघत नाही. छपरावरची टाकी शेडला लागली, पत्रा कडकड करून फुटला, आणि त्याचा तुकडा नीलाबेनच्या कपाळावर आला.

रक्त खूप आलं. कपाळाचं येतंच म्हणे, पण तेव्हा कुणाला माहीत? बाबांनी आपली टोपी त्यांच्या कपाळाला दाबून धरली. वॉचमन धावला, वरून माणसं उतरली. सेक्रेटरी खाली येऊन पहिलं काय बोलले असतील? “पीछे कौन देख रहा था?”

आणि मी म्हणाले — किती पटकन म्हणाले, विचारही करावा लागला नाही — “पापा देख रहे थे. उन्होंने बोला, आने दो.”

खोटं नव्हतं ना ते? “येऊ दे” म्हणाले होतेच की ते. पुढचा एक शब्द तेवढा मी गाळला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी हरवलंय आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही, तसं. मग सेक्रेटरीकडे वळून म्हणाले, “हां. गलती मेरी है.”

नीलाबेनना पाच टाके पडले. त्या हसतच घरी आल्या, शेड मी भरून दिली, सोसायटीने पुढच्या रविवारी परत बोलावलं. बाहेरच्या जगात ते प्रकरण तिथेच मिटलं. मीही तुम्हाला इथेच थांबवू शकले असते. एका घाबरलेल्या क्षणी तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं.

पण घरी जाताना, गोल्डन नेस्टच्या सिग्नलला, बाबांनी विचारलं, “बाय, मी थांब नाय म्हटलं काय गो?”

सिग्नल लाल होता. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. माझ्याकडे वेळच वेळ होता.

मी म्हणाले, “नाही बाबा.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, “मला वाटलं, म्हटलं.”

हा माझा गुन्हा. शेडचा नाही, टाक्यांचा नाही. हा.

पुढचं सांगते. बाबा महिनाभर रोज बसने मीरा रोडला जायचे, नीलाबेनच्या गुड्डूला फिरवून आणायला. त्या नको नको म्हणायच्या, आणि चहा ठेवायच्या. मग बाबांनी आपणहून डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांत एवढी स्वच्छ नजर मी कमी बघतो. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बाबा घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, “डोळ्यांचं नाय मग. डोक्याचं असेल.”

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? आपण बोललो असं वाटतं आणि प्रत्यक्षात बोललेलोच नसतो — अशी शंका एकदा माणसाच्या मनात शिरली की पुढे त्याने कशावर विश्वास ठेवायचा? त्यांनी एक वही केली. गॅस बंद केला, लिहायचं. गोळी घेतली, लिहायचं. बहिणीचा फोन आला, लिहायचं. माझ्या मुलीला, सईला, ते स्कूटरवरून शाळेत सोडायचे. एके दिवशी त्यांनी चावी माझ्यापुढे ठेवली. “पोरीला घेऊन रस्त्यावर नको आता. ब्रेक मारला असं वाटायचं आणि मारलेलाच नसायचा.” सई रडली. संदीपने, माझ्या नवऱ्याने, त्यांना समजावलं, आणि रात्री मला हळूच म्हणाला, बरं झालं, त्यांचं त्यांनाच कळलं. मी मान हलवली. हलवली मी मान.

घरातले सगळे त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलायला लागले. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागले. त्यांच्या हातातून दुधाचं पातेलं काढून घ्यायला लागले. यातलं काहीही त्या रविवारच्या आधी नव्हतं.

सांगायला संधी मिळाली नाही, असं म्हणू? मिळाली. गेल्या मे महिन्यात गावी चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंडपाचं सामान घेऊन आलेला टेम्पो वाडीच्या बोळात अडकला. एका बाजूला दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला विहार. ड्रायव्हर नवखा, घामाघूम. आणि सगळी वाडी बाबांकडे बघायला लागली, कारण हे काम कुणाचं, ते तिथे प्रत्येकाला माहीत होतं. काका म्हणाले, “दादा, तू मागं उभा रव. तू सांगशील तसा घेईल तो.”

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “नको रे,” म्हणाले, “आता माझ्या सांगण्याचा भरवसा नाय. हिला विचार.”

सगळे माझ्याकडे वळले. मी तिथेच होते, चार हातांवर. एक वाक्य होतं फक्त. मी काय केलं असेल? मी पुढे झाले, टेम्पोच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि “येऊ दे, येऊ दे” म्हणत तो बाहेर काढला. वर बघत, खाली बघत, अगदी बाबांनी शिकवलं तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाचा हात आलाय पोरीला, असं कुणीतरी म्हणालं, आणि बाबांचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहवेना.

ते अजूनही रविवारी माझ्याबरोबर येतात. मागे उभे राहत नाहीत. घडीची खुर्ची घेऊन सावलीत बसतात, आणि कुत्रे त्यांच्या पायाशी. हल्ली ते खरंच काही गोष्टी विसरतात. वयाने म्हणायचं की माझ्यामुळे, ते आता कुणाला सांगता येणार नाही. मलाही नाही.

गेल्या रविवारी एक नवी मुलगी आपला बीगल घेऊन आली होती. मी ट्रॉली लावत असताना तिने बाबांना सहज विचारलं, “अंकल, आप पीछे नहीं देखते?” बाबा हसले. म्हणाले, “पहले देखता था. एक बार मुझसे बहुत बड़ी गलती हो गयी. किसी को लग गया.” मग माझ्याकडे बोट करून, आवाज खाली आणून — पण मला ऐकू येईल इतकाच खाली — म्हणाले, “लेकिन मेरी बेटी ने आज तक एक शब्द नहीं बोला मुझे. एक शब्द नहीं.”

ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी टॉवेल झटकत होते. मी टॉवेल घडी करून टेबलावर ठेवला, आणि तिच्या कुत्र्याला आत घेतलं.