बाईंनी मोटारीचा वेग उतरवला

तिसरीच्या बाईंना मी बावीस वर्षं ओळखते. शाळेची घंटा मी वाजवते, किल्ल्याही माझ्याकडेच, त्यामुळे कुठल्या वर्गात काय शिजतंय ते मोठ्या सरांच्या आधी मला कळतं. बाईंचा स्वभाव शांत, पण हेकट. एक गोष्ट डोक्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही.

एका वर्षी त्यांच्या डोक्यात वाचनाचा वेग बसला होता. कोण मिनिटाला किती शब्द वाचतं, याचा तक्ता भिंतीवर आणि घड्याळ हातात. तक्त्यात सगळ्यांत वर कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची मुलगी. सगळे तिला मोटारच म्हणायचे. बापाला तिचं कोण कौतुक! संध्याकाळी दुकानात स्टुलावर उभं करून तिला पेपर वाचायला लावायचा, आणि तोंडाला साबण फासलेली गिऱ्हाइकंसुद्धा वाहवा करायची.

एकदा मी नोटीस घेऊन वर्गात गेले. कुंभाराच्या हरवलेल्या गाढवाची गोष्ट धडाधड वाचून मोटार नुकतीच खाली बसत होती. बाईंची सही होईपर्यंत मी आपलं सहज विचारलं, सापडलं का गं गाढव? पोरीने माझ्याकडे पाहिलं.

"कुठलं गाढव, मावशी?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांची सही अर्ध्यातच थांबली होती. मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, ही माझीच करणी, नुसतं पळायला शिकवलं मी हिला.

त्याच दुपारी तक्ता उतरला. दुसऱ्या दिवसापासून नवीन खूळ. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि काय झालं ते शेजारच्याला आपल्या शब्दांत सांगायचं. अडलं तर मागे जाऊन पुन्हा वाचायचं, त्यात लाज कसली. पान उलटण्याआधी पुढे काय होईल त्याचा अंदाज बांधायचा. डोळे मिटून गोष्टीतलं घर बघायचं आणि दार कुठल्या बाजूला ते सांगायचं. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण महिन्याभरात पोरं त्या दारावरून भांडायला लागली आणि पुरावा काढायला आपणहून पुस्तक उघडायला लागली.

मोटारीची मात्र पार बैलगाडी झाली. दुकानात पेपर वाचता वाचता ती थांबायची आणि दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकालाच विचारायची, काका, धरण भरल्यावर दरवाजे का उघडतात? बिचाऱ्या काकांना कुठे ठाऊक! बापाचं वस्तऱ्याविना नाक कापलं गेलं. तरातरा शाळेत आला. माझी धावती पोर लंगडी केलीत म्हणाला. शाळेच्या वाचनस्पर्धेत नंबर आला नाही तर सरळ दुसऱ्या शाळेत घालणार म्हणाला. मला असा राग आला होता! बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, आधीची चूक माझी होती एवढंच बोलल्या. स्पर्धेपर्यंत त्यांचा डबा रोज अर्धा परत जात होता.

स्पर्धेत प्रत्येकाला तीन मिनिटं. बाकीची पोरं सुसाट. मोटारीच्या वाट्याला नावाड्याची गोष्ट आली. नदीवर पूल होतो, आणि म्हातारा नावाडी शेवटची फेरी मारून नाव खुंट्याला बांधतो. ती सावकाश, समजून वाचत होती. नाव बांधण्याच्या ओळीपाशी आली आणि तिथेच बोट ठेवून थांबली. पुढे काही जाईना. वेळ संपला, घंटा मलाच द्यावी लागली. जळला मेला तो हात. अर्धं पान उरलं होतं, नंबर कुठला यायला?

बाप मागे उभा होता, दुकानातला टॉवेल खांद्यावर तसाच. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पोरीला दाराशी नेलं आणि मध्येच का थांबलीस म्हणून दरडावलं.

"बाबा, पूल झाला ना. आता त्याच्या नावेत कोण बसणार?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग म्हणाला, "त्याला मुलंबाळं नव्हती का?"

"माहीत नाही. पुढचं वाचायचं राहिलं."

तो तडक परीक्षकांच्या टेबलाशी गेला, तो कागद मागून आणला आणि व्हरांड्याच्या पायरीवर पोरीला शेजारी घेऊन बसला. ती वाचत होती, तो मध्येच थांबवून काहीबाही विचारत होता, दोघं मिळून मागची ओळ शोधत होते. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. शाळा केव्हाच रिकामी झाली होती, मी कुलूप हातात धरून खोळंबले होते. निघताना तो बाईंपुढे येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "उद्या वेळेवर पाठवतो हिला."